मी आठेच शे

सारंगखेड्याच्या जत्रेत, घोड्यांच्या बाजारामागे
तापीवरचा गार वारा अडवत तंबू उभा होता.
बाहेर पाटी: लहान मुलांसह पाहावा असा भुताचा सिनेमा.
आईनं ती दोनदा वाचली. म्हणाली,
"दोन तिकिटं द्या. हा निंबा मांडीवर बसीन."

मी आठ वर्षांची. रात्री मोरीपर्यंत जायलाही
मला कंदील लागायचा, आणि कंदिलासोबत कोणीतरी.

पडद्यावर एक मुलगा होता, माझ्याएवढाच,
पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेला, आणि त्याचं कपाट.
दिवा मालवला की कपाटाचं दार
बोटभर उघडायचं.
दुसऱ्या रात्री दोन बोटं.
त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं,
आणि ते न येणंच
ओल्या घोंगडीसारखं तंबूभर पसरत होतं.
निंबानं आईच्या पदरात मुंडकं खुपसलं.
माझ्या दाढेखाली एक शेंगदाणा तसाच राहिला.

मग दार सताड उघडलं, आत पांढरं काही हललं,
आणि बाहेर जनरेटर धापा टाकत बसला.

अंधार.
आमच्या मोरीतला नव्हे, पाचशे माणसांचा अंधार:
विड्यांची लाल टोकं, कुणाचं तरी खोकणं,
मागे बाजारात खूर आपटणारा एक घोडा,
आणि ते खूर थेट माझ्या छातीवर.
शेव-मुरमुरेवाला तेवढा थांबला नाही.
"शेऽऽव मुरमुरे" म्हणत रांगांमधून फिरत राहिला.
त्याच्या आवाजावरून कळायचं
तंबू कुठे वळतो, कुठे संपतो.

मी हात लांबवला. हात मिळाला.
कापसाच्या बोंडांनी ओरखडलेला, खरखरीत,
काचेच्या दोन बांगड्या, त्यातली एक पिचलेली.
"मी आठेच शे," कानाशी कुणी म्हणालं,
"भ्यावू नको."
तो हात मी दोन्ही हातांनी धरला.
नखं रुतली असतील.

तेवढ्यात पुढे सतरंजीवरची पोरं ओरडू लागली,
"भूत लावा! भूत लावा!"
आधी एक, मग दहा, मग मीसुद्धा.
कारण भूत होतं तेव्हा
एकमेकांची तोंडं तरी दिसत होती.
नीट पाहिलं तर ते उजेडाचंच बनलेलं होतं.
मशीनमागून हनीफ मिस्त्री म्हणाले,
"आणतो रे बाबांनो, त्यालाही दम लागतो!"
अख्खा तंबू हसला.

जनरेटर खोकला. दिवा आला.
आईच्या दोन्ही हातांत निंबा, झोपलेला.
माझ्या उजवीकडे शेंगांची टरफलं
आणि कुणीतरी बसून गेल्याची ऊब.

मिस्त्रींनी घाईत भलतंच रीळ चढवलं असावं.
मुलगा अंगणात दूध पीत होता, ऊन होतं, कपाट कुठेच नाही.
आत काय होतं, मला अजून माहीत नाही.

परतताना, ट्रॉलीत, पुलाच्या मध्यावर मला उमगलं:
आई यावलकडची. सासरी दहा वर्षं काढूनही
ती म्हणाली असती, "अठीच हाये मी."
सिनेमात असती तर हीच जागा
सगळ्यात जास्त घाबरवणारी.
मी पोटात गोळा यायची वाट पाहिली.
आला नाही. खाली तापी काळी होती,
आणि मी वाकून बघितली.

आता शहाद्याला, तिसऱ्या मजल्यावर, मनवा
उशी नाकापर्यंत ओढून तसलाच काही सिनेमा बघते.
संपला की म्हणते, "दिवा घालव. पण जाऊ नकोस."
मी शाळेत व्याकरण शिकवते,
घरीही बोलते ते छापल्यासारखं.
अंधारात तिचा हात चाचपडत येतो,
सापडतो मला, घट्ट धरतो.
आणि माझ्या तोंडून निघतं,
"मी आठेच शे."

ती क्षणभर गप्प.
मग हळूच विचारते,
"आई, हे कोण बोललं?"